सारवलेल्या घराची पाहणी

पुण्याहून निघालेली आमची बस वातानुकूलित होती. तिच्या पुढच्या काचेवर 'हवामान बदल आणि विस्थापितांचे संरक्षण : राज्यस्तरीय कार्यशाळा' असा फलक लावला होता. फलक इतका ऐसपैस होता की चालकाला डाव्या बाजूचं काही दिसेना. नारायणगावच्या पुढे त्याने वैतागून तो अर्धा गुंडाळला, आणि मग भंडारदऱ्यापर्यंत आमच्या बसवर 'हवामान बदल आणि' एवढंच राहिलं. एकालाही त्यात काही गैर वाटलं नाही. बहुतेक जण झोपले होते.

मी या बसमध्ये अनुवादक म्हणून होते. सरकारी कागदांचं मराठी करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले तरी अशी बोलावणी येतात, कारण समोरच्या वाक्यात काही अर्थ नसला तरी तो मराठीत व्यवस्थित आणण्याची विद्या मला साधली आहे. कार्यशाळेत जे बोललं जाईल त्याचा मी मराठी अहवाल करायचा, असं ठरलं होतं. राहणं, जेवण आणि जाणं-येणं त्यांच्याकडे होतं. शिवाय भंडारदरा मी पाहिलेलं नव्हतं, म्हणून फार आढेवेढे न घेता हो म्हणाले.

अहिल्यानगर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तर पुढचं कळायला सोपं जाईल. पश्चिमेला अकोले तालुका. तिथे डोंगर आहेत, धरणं आहेत, आणि पावसाळ्यात वाळत घातलेला कपडा आठवडाभर वाळत नाही. पूर्वेला पाथर्डीकडे माळरान, आणि टँकर कधी येणार हा बाराही महिने बोलण्याचा विषय. यंदा मात्र पाऊस पूर्वेला कोसळला. जिथे लोक पाण्यासाठी रांगा लावत, तिथे रात्रीतून नदी घरात शिरली. या पूर्वेकडच्या लोकांना सरकारने कसं सांभाळावं, यावर चर्चा करण्यासाठी आम्ही पश्चिमेला चाललो होतो. मी संयोजकांना कारण विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तिकडे राहायची सोय नाही हो." ज्यांची राहायची सोय नाही त्यांच्याविषयीच तर ही कार्यशाळा होती. पण मी अनुवादक, मी त्यांचं वाक्य वहीत उतरवलं.

भंडारदरा सुंदर आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खोलीच्या गॅलरीतून जलाशय दिसे. पलीकडच्या डोंगरांवर ढग टेकलेले असत आणि भाताची खाचरं पिवळी व्हायला लागली होती. नवरात्र चालू असल्याने जेवणाला उपवासाचा वेगळा कक्ष होता. साबुदाणा वडे, राजगिऱ्याच्या पुऱ्या, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस. ज्यांचा उपवास नव्हता त्यांची तिथे जास्त गर्दी होती, आणि मीही त्यांच्यातच होते.

वाढायला एक पन्नाशीचे गृहस्थ होते. मी सहज विचारलं, "तुम्ही इथलेच का?"

"व्हय. आमच्या पनज्याची वावरं त्या पान्याखाली हायेत. तुमी सकाळी फोटो काढीत हुत्या ना, तिथंच."

"मग त्यांना दुसरी जमीन मिळाली होती?"

"मिळाली आसंल कुनाला तरी." त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. "बटाट्याचा पापड देऊ?"

त्या दिवसाच्या सकाळच्या सत्रात 'विस्थापित कोणाला म्हणावे' यावर खल झाला. मुख्य वक्त्यांनी पडद्यावर एक आकृती दाखवली. तिच्यात चौकोन होते आणि बाण होते. एका चौकोनात 'कुटुंब' होतं, दुसऱ्यात 'सुरक्षित ठिकाण', आणि मधल्या बाणावर 'शासन' असं लिहिलेलं होतं. चहापर्यंत त्या बाणाचा रंग निळा असावा की हिरवा, यावर मतभेद राहिले. व्याख्येसाठी उपसमिती नेमली गेली. दुपारच्या सत्रात एक वक्ते कळवळून म्हणाले, "आपल्याला संवेदनशील व्हावं लागेल." सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मीही लिहिलं, कारण मला त्याचंच मानधन होतं.

तिसऱ्या दिवशी क्षेत्रभेट होती. संगमनेर, राहुरी करत चार गाड्यांचा ताफा पूर्वेकडे निघाला. राहुरीच्या आसपास दोन्ही बाजूंना हिरवागार ऊस. नगर शहरात पाट्यांवर नवं नाव लागलंय, पण रस्ता विचारला की लोक अजून 'नगर' म्हणूनच सांगतात. तिथे जेवण झालं. करंजी घाट उतरल्यावर मात्र सगळे खिडकीबाहेर बघू लागले. रस्त्याकडेची बाजरी आडवी होऊन तिथेच उगवली होती. कपाशीची बोंडं काळी पडली होती. काही शेतांत मातीच उरली नव्हती, नुसता खडक धुऊन निघाला होता. इतके दिवस 'आपत्ती' हा शब्द मी उगाच सोपा समजत होते.

आम्ही जिथे उतरलो ती टाकेवस्ती म्हणजे नदीच्या काठावरची दहा-बारा घरं. नदी वर्षातले बरेच महिने कोरडी, म्हणून तर काठावर घरं बांधायची हिंमत झाली. इथली बहुतेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणून मोजले जातात, आणि सहा महिने ती दुसऱ्या जिल्ह्यात पालावर (फडाजवळच्या खोपटात) राहतात. या घरांना वरच्या गायरानात, नदीपासून लांब जागा द्यायचं ठरलं होतं. त्याची यादी तयार होत होती आणि ती पाहायलाच आम्ही आलो होतो.

गाडीतून उतरताच ताज्या शेणाचा वास आला. अंगणात सडा, दारात रांगोळी, भिंती गुळगुळीत सारवून वरून चुन्याचा पट्टा. आम्हाला टोपी-उपरणं आणि नारळ मिळाले. मला बाई म्हणून टोपीऐवजी ब्लाउजपीस मिळालं. मुख्य वक्ते हरखून गेले. "किती स्वच्छ!" ते म्हणाले. "याला म्हणतात रेझिलियन्स. हे लोक किती लवकर सावरतात बघा." सगळ्यांनी फोटो काढले. तलाठी भाऊसाहेब रजिस्टर घेऊन उभे होते. यादीत किती घरं आहेत असं कोणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी पान उलटून हळूच सांगितलं, "सध्या एकही नाही सर. पाहणीत नुकसान दिसलं नाही."

"उत्तम!" वक्ते म्हणाले.

मी नदी बघायला खाली गेले होते. पात्र कोरडं पडायला लागलं होतं आणि एका बाभळीच्या शेंड्याला कोणाची तरी गोधडी अडकली होती. तिकडे बघत किती वेळ गेला कळलं नाही. वर आले तर ताफा निघून गेलेला. संयोजकांना फोन केला.

"मॅडम, निघताना आम्ही गाड्या मोजल्या. चारही आहेत."

"पण मी टाकेवस्तीत आहे."

"अरेरे. मग उद्या तिथून परस्पर पुण्याला जा. तिकीट जपून ठेवा."

शेवटच्या घरातल्या बाईने हे सगळं ऐकलं होतं. वय पस्तिशीच्या आसपास, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिचं नाव कौसल्या. "या मावशी," ती म्हणाली. "आता यष्टी न्हाई मिळायची. सकाळी जावा." इतक्या सहजपणे ती बोलली की नाही म्हणायची मला लाज वाटली.

घर दोन खणांचं. पत्र्याचं छप्पर लाकडी मेढींवर (खांबांवर) उभं होतं. कोपऱ्यात घट बसवलेला. पत्रावळीवरच्या काळ्या मातीत धान्य बोटभर उगवून आलं होतं आणि वर झेंडूच्या नऊ माळा. कौसल्याचा नऊ दिवसांचा उपवास होता. ती स्वतः भगर (वरई) खाऊन राहिली आणि मला बाजरीची भाकरी, दोडक्याची भाजी आणि ठेचा वाढला. तिचा नवरा सुखदेव बांबू आणि ताडपत्री बांधत होता. उद्या दुपारी ट्रॅक्टर येणार होता. दसरा म्हणजे सीमोल्लंघनाचा दिवस. इथले लोक खरोखरच त्या दिवशी सीमा ओलांडतात.

मी म्हटलं, "घर छान ठेवलंयस."

आणि ती रडायलाच लागली.

हळूहळू सगळं कळलं. पूर आला त्या दिवशी घराची पुढची भिंत पूर्ण ढासळली होती. पाणी छातीएवढं. मुलीला पत्र्यावर बसवून ही दोघं मेढीला धरून उभी राहिली होती. शेळ्या गेल्या. मुलगी तेव्हापासून आजोळी आहे, इकडे यायला तयार नाही. पाणी ओसरलं आणि घटस्थापना तोंडावर आली. मग दोघांनी चिखल उपसला, पुढची भिंत नव्याने उभी केली, सगळं घर सारवलं.

"सारवल्याबिगर घट कसा बसवायचा, मावशी? आन त्यात भाऊसायेब यायचं हुतं पाहनीला. पाव्हन्याला चिखलात बशिवत्यात व्हय? मी दूध घालून च्या केला. ते म्हनले, ताई, घर लई टापटीप हाय. मला आसं बरं वाटलं! मागनं कळलं, त्यांनी लिवलं, घर सुस्थितीत."

सगळ्या वस्तीने हेच केलं होतं. जितका कामसू माणूस, तितकं त्याचं नुकसान कमी.

"हरकत नाही का घेता येत?"

सुखदेव पहिल्यांदाच बोलला. "घेतली की. फेरपाहनी हुनार म्हनले, आठ दिसांत कवा बी. त्या टायमाला कुटुंब घरात पायजे. न्हाई सापडलं तर 'स्थलांतरित' लिवनार, आन नाव कायमचं गेलं. आन आमाला उद्या जायाचं हाय. न्हाई गेलो तर मुकादम दुसरा कोयता नेतोय."

"पैशाचं ऱ्हाऊ द्या," कौसल्या म्हणाली. "वर जागा मिळाली पायजे. चैतात माघारी यायचं आन पुढल्या पावसाळ्यात पुन्यांदा हितंच झोपायचं? पोरगी पाऊल ठेवनार न्हाई."

दोन दिवस मी निळ्या-हिरव्या बाणाची चर्चा टिपून घेत होते, हे आठवून माझं डोकं तापलं.

दसऱ्याच्या सकाळी घट उठला. सुखदेवने त्यातले कोवळे तुरे टोपीत खोवले, कौसल्याने केसांत माळले, मलाही दिले. दाराला झेंडूचं तोरण बांधलं. मग सामान कौसल्याच्या भावाकडे ठेवायला म्हणून आतल्या भिंतीची कणगी (धान्य साठवायची मोठी टोपली) आम्ही तिघांनी मिळून हलवली. ती जड होती, म्हणून सारवताना कौसल्याने तिच्यामागे हात घातला नव्हता. मागे पुराची रेघ जशीच्या तशी होती. छातीच्या उंचीवर गाळाचा पट्टा, त्यात काडीकचरा रुतलेला, खाली माती फुगून पोपडे सुटलेले.

मी लगेच सुखदेवकडून नंबर घेऊन तलाठी भाऊसाहेबांना फोन लावला. आवाज शक्य तितका मुंबईचा केला. "राज्यस्तरीय कार्यशाळेतून बोलतेय. आज फेरपाहणी करायची आहे." हे खोटं होतं का? कार्यशाळेतून तर मी खरंच आले होते, फक्त मला ते विसरून गेले होते.

सुट्टी असून ते तासाभरात आले. मोटारसायकलच्या हँडलला झेंडूचा हार होता. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. रेघ पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, हे तेव्हा का नाही दाखवलं?"

"कनगी होती की मधी. आन तुमी च्या पीत हुता."

त्यांनी मोबाईलमधलं ॲप उघडलं. आधी नुकसानीचं कारण निवडायचं होतं. तालुका कायम दुष्काळी म्हणून नोंदलेला असल्याने तिथे पूर हा पर्यायच नव्हता. त्यांनी 'इतर' दाबलं. मग आतल्या भिंतीचा फोटो काढला. ॲपने तो घेतला नाही. घराचा दर्शनी भाग आणि त्यासमोर उभं असलेलं कुटुंब, असाच फोटो लागतो. त्यांनी बाहेरून उघड्या दारातून प्रयत्न केला. सारवलेली भिंत, चुन्याचा पट्टा, तोरण आणि आत अंधार. रेघ दिसेचना.

"माझ्या हातात काही नाही हो मॅडम," ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

कौसल्या अंगणात उभी राहून घराकडे बघत होती. मग तिने विचारलं, "भाऊसायेब, पुढनं आतली भिंत दिसली पायजे. व्हय ना?"

"हो, पण..."

तिने दाराचं तोरण सोडलं, घडी करून माझ्या हातात दिलं आणि पदर खोचून कुदळ घेतली. सुखदेव धावला. मला वाटलं, अडवतोय. तो म्हणाला, "आगं, कुदळ नगं. वली हाय आजून, हातानं बी येतीया."

भाऊसाहेब वळून नदीकडे तोंड करून उभे राहिले. "पुरानं पडली होती तशी पडतेय," ते स्वतःशीच म्हणाले. "खोटं काही नाही यात."

घटासाठी उभी केलेली ती भिंत अर्ध्या तासात खाली आली. मीही ढेकळं ओढली. माझ्या साडीचं पोतेरं झालं आणि नखांत तिच्या सारवणाचं शेण गेलं. पत्रे मेढींवर तसेच राहिले. आता घर पुढून उघडं पडलं होतं आणि आतली रेघ रस्त्यावरून दिसत होती.

दोघं ढिगाऱ्यापुढे उभी राहिली. सवयीने कौसल्याने तोंड पुसलं, पदर सारखा केला.

"ताई, राहू दे," भाऊसाहेब खाली मान घालून म्हणाले. "नीट करू नको."

फोटो निघाला. ॲपने विनातक्रार घेतला. पूर्ण पडझड, कुटुंब हजर. शेजारच्या घरांतून लोक हे बघत होते. भाऊसाहेब निघेपर्यंत पलीकडेही कुदळीचे आवाज सुरू झाले, आणि ते बिचारे गाडी परत स्टँडला लावून खाली उतरले.

चारच्या सुमाराला ट्रॅक्टर आला. बांबू, भांडी, दोन कोंबड्या आणि कोयते ट्रॉलीत चढले. कौसल्याने एक जुनी साडी दोन मेढींच्या मध्ये बांधली. "कुत्री शिरत्यात," ती म्हणाली. घराला हात जोडले आणि चढून बसली. सहा महिने त्या घराला साडीची भिंत राहणार होती.

मी पाथर्डीहून यष्टीने नगरला आले आणि तिथून पुण्याची गाडी धरली. केडगावला वाहतूक खोळंबली होती, दसऱ्याच्या नव्या गाड्या हार घालून रस्त्यावर आल्या होत्या. शेजारच्या बाईंनी माझ्या साडीकडे बघून विचारलं, "शेतावरनं आलात का?" मी म्हटलं, "कार्यशाळेवरून."

घरी आल्यावर अहवालाला बसले. 'शासनाने काय करावे' या प्रकरणात भरपूर शिफारशी होत्या. समन्वय साधावा, क्षमता वाढवावी, संवेदनशील राहावे. मी त्यांत शेवटी एक स्वतःची घुसडली : 'कोणाला हलवायचे हे घर बघून ठरवू नये, नदी बघून ठरवावे. पाहणी घटस्थापनेच्या आधी उरकावी. माणूस उसाच्या फडात असेल तर त्याची सही फडात जाऊन घ्यावी. तो पोटासाठी गेला म्हणून त्याचा हक्क जाऊ नये.' हयातभर इतरांची वाक्यं मराठीत आणली, ही एवढीच माझी होती. संयोजकांनी ती कळवून काढून टाकली. शिफारस फार स्थानिक स्वरूपाची आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. पूर कुठल्या राज्यस्तरावर येतो, हे मी त्यांना विचारलं.

दिवाळीनंतर एका दुपारी फोन आला. मागे कोयत्यांचा खचखच आवाज. "मावशी, नाव आलं यादीत!" कौसल्या ओरडत होती. "वर गायरानात जागा. समद्या वस्तीची नावं हायेत."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. इतका आनंद मला स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या कागदानेही झाला नव्हता. मुलीला कळवलंस का, कधी ताबा मिळणार, मी काहीबाही विचारत राहिले.

मग ती म्हणाली, "मावशी, एक इचारू? तिथं घर बांधलं, आन कुनी सायेब बघाया येनार आसला, तर सारवायचं का न्हाई?"

"सारव," मी म्हणाले. "पण आधी फोटो काढून ठेव."

मला वाटलं, ती हसेल. ती गंभीरपणे 'बरं' म्हणाली.